६.५ क्रीडमूर घेऊ का .३०८? आणि डब्यात बुलेट कुठली हवी?

पेनसिल्व्हेनियात माझ्या ओळखीतल्या आपल्या लोकांपैकी हल्ली बरेच जण हंटर एज्युकेशनचा कोर्स करून लायसन काढायला लागलेत, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, दादा रायफल कुठल्या कॅलिबरची, म्हणजे कुठल्या मापाच्या नळीची, घेऊ. मग कोणी म्हणतो .३०८ म्हणजे दणकट, कोणी म्हणतो आता जमाना ६.५ क्रीडमूरचा. मी दोन्ही वापरतो, हरणासाठी पण आणि रेंजवर कागदावर पण, आणि माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो: दोन्ही काडतुसं उत्तम आहेत, पण लोक कॅलिबरवर महिनाभर डोकं खपवतात आणि बुलेट मात्र दुकानात जी समोर दिसेल ती उचलतात, आणि हरणाचं काय होणार ते ठरतं त्या बुलेटवर. म्हणून हा रिव्ह्यू काडतुसांचा कमी आणि बुलेटचा जास्त आहे.

नवीन लोकांसाठी एवढंच, की खाली मी काडतूस म्हणेन तेव्हा पुंगळी, प्रायमर (बुडाची ठिणगी देणारी टोपी), पावडर, बुलेट सगळं धरून पूर्ण राउंड, आणि बुलेट म्हणेन तेव्हा फक्त नळीतून उडून जाणारा पुढचा तुकडा. वजन ग्रेनमध्ये मोजतात, ७००० ग्रेन म्हणजे एक पाउंड, म्हणजे १५० ग्रेनची बुलेट जेमतेम दहा ग्रॅमची असते.

.३०८ विंचेस्टर बाजारात आली १९५२ ला, पुढे नाटोने त्याच मापाचं ७.६२ x ५१ घेतलं, त्यामुळे सत्तर वर्षांचा अनुभव या काडतुसाच्या मागे आहे आणि अमेरिकेत कुठल्याही गावच्या दुकानात, अगदी पेट्रोल पंपाशेजारच्या हार्डवेअरमध्ये सुद्धा, .३०८ चा डबा मिळतो. ६.५ क्रीडमूर २००७ ची, हॉर्नडी कंपनीने काढलेली, आणि मुळात ती हरणासाठी नव्हतीच, लांबवरच्या टार्गेट मॅचसाठी डिझाइन केलेली. नाव आलंय न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरच्या जुन्या क्रीडमूर रेंजवरून, जिथे १८७४ मध्ये अमेरिका आणि आयर्लंडची गाजलेली मॅच झाली होती. टार्गेटवाल्यांनी ती उचलली, मग हंटिंगवाल्यांच्या लक्षात आलं की अरे धक्का कमी, नेम सरळ, हरिण पण जागेवर पडतंय, आणि मग जी पसरली ती पसरलीच.

दोघींच्या पुंगळीचा बूड एकाच मापाचा, दोन्ही शॉर्ट अॅक्शन (आखूड बोल्टच्या) रायफलीत बसतात, पावडर पण साधारण सारखीच लागते. फरक एवढाच की .३०८ जाड आणि जड बुलेट ढकलते आणि ६.५ बारीक पण लांब बुलेट ढकलते. लांब, टोकदार, मागून निमुळती बुलेट हवा कमी खाते, वेग टिकवून ठेवते, आणि हे सगळं बॅलिस्टिक कोएफिशियंट नावाच्या एका आकड्यात मावतं, आकडा जेवढा मोठा तेवढी बुलेट हवेत चांगली. .३०८ ची प्रसिद्ध १६८ ग्रेनची सिएरा कंपनीची मॅचकिंग बघा, तिचा आकडा .४६२ आहे. ६.५ ची १४० ग्रेनची हॉर्नडीची ईएलडी मॅच .६४६. हा फरक मोठा आहे, पण कुठे मोठा आहे ते नीट समजून घ्या म्हणजे फसणार नाही.

हरणाच्या अंतरावर तो दिसतच नाही. दोन्ही रायफली २०० यार्डावर झिरो केल्या, म्हणजे तिथे नेम आणि मार जुळवून घेतला, तर ३०० यार्डावर ६.५ साधारण आठ इंच खाली पडते आणि .३०८ नऊ, म्हणजे इंचभराचा मामला, आणि हरणाचं काळीज-फुप्फुस म्हणजे व्हायटल एरिया तो आठेक इंचाचा असतो. आमच्याकडच्या दाट जंगलात तर बहुतेक बार शंभर यार्डाच्या आतलेच, ओकच्या झाडामागून हरिण निघतं तेव्हा ते साठ-सत्तर यार्डावर असतं, तिथे कोएफिशियंट काय कामाचा. पण रेंजवर ५०० यार्डावर जा आणि आडवा दहा मैलांचा वारा असू द्या, .३०८ ची १६८ ग्रेन वीस-बावीस इंच सरकते आणि ६.५ ची १४० ग्रेन चौदाच्या आसपास. वारा कधीच कोणाला बरोबर वाचता येत नाही, अंदाज दोन-तीन मैलांनी चुकतोच, त्यामुळे जी बुलेट कमी सरकते ती तुमचा चुकलेला अंदाज पण थोडा पोटात घालते. टार्गेटवाले ६.५ वर जीव टाकतात ते यासाठी.

आता धक्का, म्हणजे रिकॉइल. मला वाटतं नवीन माणसासाठी हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि यावर लोक सगळ्यात कमी बोलतात, कदाचित मर्दानगीचा प्रश्न वाटतो म्हणून. साधारण आठ पाउंडाच्या रायफलीत .३०८ चा धक्का सतरा-अठरा फूट-पाउंडाच्या घरात आणि ६.५ चा बारा-तेरा. ऐकायला थोडा वाटतो पण बेंचवर बसून वीस राउंड मारा, खांदा सांगतो. आणि खांदा दुखायला लागला की मेंदू चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला आणि खांदा पुढे ढकलायला शिकतो, ती सवय एकदा लागली की मोडायला फार वेळ जातो. ज्या माणसाने कधी रायफल हातात धरलेली नाही, किंवा चण बारीक आहे, किंवा घरातली मुलगी-मुलगा पण शिकणार आहे, त्याने डोळे झाकून ६.५ घ्यावी. त्याहून हलकी हवी तर .२४३ विंचेस्टर आहे, १९५५ ची, हरणासाठी अगदी पुरेशी, फक्त त्यात बुलेट निवडताना आणखी काळजी घ्यायची.

.३०८ च्या बाजूने दोन गोष्टी ठाम आहेत. पहिली म्हणजे नळीचं आयुष्य, ६.५ ची नळी टार्गेटवाल्यांच्या हिशोबाने दोन-तीन हजार राउंडांत पहिल्यासारखी राहत नाही, .३०८ पाच हजाराच्या पुढे सहज जाते, तेव्हा जो दर शनिवारी रेंजवर असतो त्याने हा हिशोब करावा (जो वर्षाला दोन डबे मारतो त्याने अजिबात करू नये, त्याची नळी नातवापर्यंत टिकेल). दुसरी म्हणजे एफ-क्लासच्या मॅचेस (झोपून, रायफलीला टेकू लावून, लांबच्या टार्गेटवर), त्यात एफ-टीआर नावाचा गट फक्त .३०८ आणि .२२३ वाल्यांसाठी राखीव आहे, तिथे ६.५ चालतच नाही, ती ओपन गटात जाते. मला स्वतःला एफ-टीआर जास्त आवडतं, कारण सगळ्यांच्या हातात त्याच दोन काडतुसांपैकी एक असतं आणि वारा कोणाला वाचता येतो तेवढंच बघितलं जातं.

टार्गेटसाठी फॅक्टरीचा माल घ्यायचा तर .३०८ मध्ये फेडरल गोल्ड मेडल, १६८ ग्रेन मॅचकिंग, डब्यावर वेग सेकंदाला २६५० फूट. कुठल्याही बऱ्या .३०८ रायफलीत हे काडतूस सरळ जातं, म्हणून रायफल कशी आहे हे तपासायचं असेल तर मी आधी हेच मारून बघतो. पण ही बुलेट मुळात ३०० मीटरच्या मॅचसाठी बनलेली, तिची मागची बाजू जरा जास्तच उताराची, त्यामुळे हजार यार्डाच्या आसपास वेग आवाजाच्या वेगाजवळ उतरला की ती डगमगायला लागते. लांब मारायचं असेल तर १७५ ग्रेनची मॅचकिंग घ्या, ती तिथवर नीट पोचते. ६.५ मध्ये हॉर्नडीचं १४० ग्रेन ईएलडी मॅच, सेकंदाला २७१० फूट, हे माझ्या मते पैसे वसूल काडतूस आहे. हाताने भरलेल्या राउंडांच्या इतक्या जवळ जाणारा फॅक्टरीचा माल पूर्वी एवढ्या सहज मिळत नव्हता, आता दुकानात जाऊन उचलून आणता येतो.

इथे आता थांबून एक गोष्ट मोठ्याने सांगायची आहे. मॅच बुलेट हरणावर मारू नका. प्लीज. रेंजवर मला दर सीझनला कोणीतरी भेटतोच जो म्हणतो की मॅचकिंग एवढी अचूक आहे तर तीच वापरतो की, आणि वर टोकाला भोक आहे म्हणजे ती आत जाऊन फुलणारच. ते भोक फुलण्यासाठी नाही हो. तांब्याचं जॅकेट मागून पुढे ओढत बनवतात, टोकाशी ते बंद करताना उरतं ते बारीक भोक, त्याने बुलेटचा तोल सारखा राहतो, बाकी काही नाही. अंगात शिरल्यावर ती कधी सुईसारखी आरपार जाते आणि कधी पहिल्याच फासळीवर फुटून चुरा होते, आणि यातलं काय होईल ते आधी कोणालाच सांगता येत नाही. सिएरा कंपनी स्वतः सांगते की मॅचकिंग हंटिंगसाठी नाही. जखमी होऊन दोन मैल चालत गेलेलं, रात्रभर झुडपात तडफडलेलं जनावर हे त्या बचत केलेल्या डॉलरांपेक्षा कितीतरी महाग आहे. आपण जीव घेणार असू तर तो पटकन आणि नक्की जायला हवा, यात मला कुठलीही तडजोड मान्य नाही.

आणि यात एक सापळा पण आहे. हॉर्नडीची ईएलडी मॅच आणि ईएलडी-एक्स या दोन्हींचं प्लास्टिकचं टोक लालच असतं. मॅचची कागदासाठी, एक्स ची हरणासाठी, पण हातात सुटा राउंड घेतला तर फरक कळणार नाही. म्हणून सुटे राउंड खिशात मिसळू नका, डबा वाचा, आणि हंटिंगचे राउंड वेगळ्या डबीत ठेवा.

आता हरणाच्या बुलेट, आणि इथे निवड खरंच सुंदर आहे. सगळ्यात जुना आणि स्वस्त मार्ग म्हणजे साधी सॉफ्ट पॉइंट, तांब्याचं जॅकेट, आत शिसं, टोकाला शिसं उघडं. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट १९३९ पासून चालू आहे आणि पेनसिल्व्हेनियात आजोबांनी, बापाने आणि मुलाने तिच्यावरच हरणं घेतलेली घरं कितीतरी. .३०८ मध्ये १५० ग्रेनची घ्या, शंभर-दीडशे यार्डाच्या जंगलासाठी याहून जास्त काही लागत नाही, हे मी मनापासून सांगतो. कमी पैशात काम भागवायचंय आणि बार जवळचेच असणार आहेत, तर हीच घ्या आणि वाचलेल्या पैशात सराव करा.

त्याच्या वरची पायरी ईएलडी-एक्स, हॉर्नडीच्या प्रिसिजन हंटर डब्यात येते. ६.५ मध्ये १४३ ग्रेन, सेकंदाला २७०० फूट, .३०८ मध्ये १७८ ग्रेन, २६०० फूट. ही जन्माला आली त्याची गोष्ट पण इंटरेस्टिंग आहे, कंपनीने डॉप्लर रडारवर बुलेटा तपासल्या तेव्हा दिसलं की जुनी प्लास्टिकची टोकं हवेच्या घर्षणाने उडता उडताच वितळत होती आणि लांबवर बुलेटचा आकारच बदलत होता, मग त्यांनी उष्णता सहन करणारं टोक बनवलं. लांबच्या बाराला, मोकळ्या शेतात, पॉवरलाइनखालच्या पट्ट्यात, ही बुलेट छान, कारण वेग उतरल्यावरही ती फुलते. पण चाळीस यार्डावर खांद्याच्या हाडावर मारली तर अशी मऊ वेगवान बुलेट, कुठल्याही कंपनीची असो, पुढच्या फऱ्याचं मटण रक्ताने भरून टाकते आणि तेवढं टाकून द्यावं लागतं. जवळचा बार असेल तर खांद्याच्या जरा मागे, फासळ्यांमध्ये नेम धरा.

नोस्लर पार्टिशन ही माझी सगळ्यात आवडती. जॉन नोस्लरने १९४० च्या दशकात मूसच्या (एक मोठं हरिण) शिकारीत बुलेट आत नीट न शिरल्यावर स्वतः वर्कशॉपमध्ये बसून बनवली. जॅकेटच्या मधोमध तांब्याची एक भिंत, पुढचं शिसं फुलतं, मागचं भिंतीआड जसंच्या तसं राहतं आणि आत ढकलत जातं. पुढचा भाग मऊ म्हणून लगेच फुलते आणि मागचा भाग शाबूत म्हणून आरपार जाते. आरपार गेली की रक्ताची वाट जमिनीवर दिसते, आणि पानगळीच्या जंगलात संध्याकाळी साडेचारला अंधार पडत असताना ती वाट दिसणं म्हणजे काय ते ज्याने शोधलंय त्याला माहीत आहे. महाग आहे, अचूकतेत मॅच बुलेटच्या जवळपास पण नाही, पण दोनशे यार्डावर त्याची गरजही नाही.

आणि मग पूर्ण तांब्याची, बार्न्स टीटीएसएक्स, निळ्या टोकाची. यात शिसं नाहीच. आत शिरली की चार पाकळ्या उघडतात आणि जवळजवळ सगळं वजन शाबूत ठेवून पलीकडे निघते. कॅलिफोर्नियातल्या मंडळींना हा चॉइस नाहीच, तिथे १ जुलै २०१९ पासून बंदुकीने कुठलंही जनावर मारायला शिसं नसलेलीच बुलेट लागते, कॉन्डोर गिधाडं शिशाचे कण असलेले अवशेष खाऊन मरत होती म्हणून. आमच्याकडे सक्ती नाही, तरी मी घरी खायच्या मटणासाठी आता हीच वापरतो, आणि त्याचं कारण पोरं. शिशाची बुलेट फुलते तेव्हा तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर मांसात पसरतात, डोळ्याला दिसत नाहीत, दाताखाली येत नाहीत. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान केलेल्या हरणाच्या खिम्यात असे कण सापडले आणि तिथल्या फूड पँट्रींना तो माल टाकून द्यायला सांगितलं गेलं. आपण घरी कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा करणार, लहान मुलांना वाढणार, तर मग त्यात शिसं कशाला. जे शिशाचीच बुलेट वापरतात त्यांनी निदान जखमेच्या आजूबाजूचं मांस सढळ हाताने कापून टाकावं.

तांब्याच्या बुलेटला मात्र तिचे नियम आहेत. तांबं शिशापेक्षा हलकं म्हणून तेवढ्याच वजनाची बुलेट जास्त लांब होते, तेव्हा वजन एक पायरी कमी घ्यायचं, ६.५ मध्ये १२० ग्रेन बरोबर, .३०८ मध्ये १५० च्या आसपास. दुसरं म्हणजे तिला फुलायला वेग लागतो, लांबवर वेग उतरला की पाकळ्या उघडत नाहीत, म्हणून चारशे-पाचशे यार्डाच्या बारासाठी ती माझी पसंती नाही. आणि शिशाच्या बुलेटवरून तांब्यावर येताना नळी आधी नीट साफ करून घ्या, मग झिरो करा, बऱ्याच रायफलींत ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, त्यानेच घट्ट होतो.

बाकीच्या कॅलिबरांबद्दल थोडक्यात. .३०-०६ आणि .२७० ज्यांच्या घरी आहेत त्यांनी काहीही बदलू नये, पहिली १९०६ ची, दुसरी १९२५ ची, दोन्ही आजही हरणाला आणि एल्कला (सांबरासारखं मोठं हरिण) पुरून उरतात. मॅग्नम (जास्त पावडरची, जोरदार काडतुसं) मंडळी इथल्या व्हाइटटेल हरणासाठी नको, नुसता धक्का आणि खर्च. .२२३ रेंजवर स्वस्त आणि मजेची, पण हरणासाठी राज्याराज्याचा कायदा बघा, कोलोरॅडोत कमीत कमी .२४ कॅलिबर लागतं, म्हणजे .२४३ चालते आणि .२२३ चालत नाही.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: तिथे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंदच आहे आणि .३०८ सारखी मिलिटरी मापं साध्या लायसनवर मिळत नाहीत, तेव्हा वरचं हंटिंगचं सगळं इथल्यासाठी समजा. पण टार्गेटचा खेळ तिथे जोरात आहे, आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाल्या, स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, आणि हे दोन्ही .२२ वर, ४० ग्रेनच्या शिशाच्या छोट्या बुलेटवर. त्या पातळीवर खेळाडू एकाच कंपनीच्या एकाच ब्रँडचे वेगवेगळे लॉट (एका वेळी बनलेली खेप) आपल्या नळीतून मारून बघतात आणि जो सगळ्यात घट्ट ग्रुप देतो तोच लॉट साठवतात. ही शिस्त आपण मोठ्या रायफलीत पण घ्यावी. (कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीची आठवण येणाऱ्यांना आवडेल असं एक, पेनसिल्व्हेनियात ख्रिसमसनंतर खास फ्लिंटलॉकचा सीझन असतो, बार भरा, गज मारा, चकमक उडवा, सगळं हाताने.)

तर मला विचाराल तर पहिली रायफल ६.५ क्रीडमूर, वीस राउंडांचे हंटिंगचे दोन डबे, जवळ मारणार असाल तर तांब्याची किंवा पार्टिशन, मोकळ्या शेतात बसणार असाल तर ईएलडी-एक्स. हे डबे स्वस्त नसतात, तरी त्यातला अर्धा डबा झिरो करण्यात घालवा, हात आखडू नका. ज्याला एफ-टीआर खेळायचंय किंवा ज्याला कुठल्याही खेड्यात डबा मिळायला हवा त्याने .३०८. सरावासाठी सोबत एक .२२ ठेवा, धक्का नाही, खर्च नाही, आणि चाप ओढायचा हात तिच्यावरच तयार होतो.

आणि दुकानात दोन्ही डबे घेताना फ्लॅपवरचा किंवा आतला लॉट नंबर जुळतोय का ते काउंटरवरच बघून घ्या. मॅचच्या स्वस्त राउंडने झिरो करून सीझनला दुसरी बुलेट भरू नका, शंभर यार्डावरच ती दोन-तीन इंच बाजूला जाऊ शकते. जी बुलेट हरणावर जाणार तिनेच झिरो, आणि ते पण थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यात, थंड नळीतून पहिला राउंड कुठे पडतो ते बघून, कारण जंगलात तुम्हाला थंड नळीतला तो पहिलाच राउंड मिळणार आहे.